कानावरची गाठ घरी कापू नका

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे. खांडबारा परिसरात राहते. दीड वर्षापूर्वी जत्रेत कानाला दुसरं छिद्र पाडून घेतलं. तीन-चार महिन्यांनी पाळीच्या मागे दाणा आला. तो वाढत वाढत आता बोराएवढा झाला आहे. दुखत नाही, पण खाज फार येते. कोणी म्हणतं दोरा बांध, कोणी म्हणतं बिब्बा लाव. मोबाईलवर तर एक जण ब्लेडने कापूनच दाखवतो. उन्हाळ्यात घरात लग्न आहे. ही गाठ घरच्या घरी काढता येईल का?

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देतो. ही गाठ घरी काढता येत नाही, आणि काढायचा प्रयत्न केला तर बहुतेक वेळा ती आधीपेक्षा मोठी होऊन परत येते. योग्य उपचारांनी मात्र ती बसवता येते. त्याला काही महिने लागतात, आणि त्या उपचारांतला मोठा वाटा तुम्हाला घरीच उचलायचा असतो. फक्त तो वाटा कापण्याचा नाही.

ही गाठ आहे तरी काय?

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा केलॉईड वाटतो. कातडीला जखम झाली की ती भरून काढायला शरीर कोलॅजन नावाचे तंतू तयार करतं. जखम भरली की हे काम थांबायला हवं. काही जणांच्या कातडीत ते थांबतच नाही. तंतू साठत जातात आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून घट्ट, गुळगुळीत गाठ वाढते. छिद्र मोहरीएवढं, गाठ बोराएवढी, ती यामुळेच. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो आणि पुढे हळूहळू बसतो. केलॉईड हद्द ओलांडतो आणि आपणहून क्वचितच जातो.

हा कर्करोग नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. वांगी, अंडी, आंबट सोडल्याने गाठ कमी होत नाही, खाल्ल्याने वाढतही नाही. साधारण 10 ते 30 या वयात, सावळ्या आणि काळ्या कातडीत, आणि घरात आई-वडील किंवा भावंडांना असा त्रास असेल तर केलॉईड होण्याची शक्यता जास्त. कानाइतकाच तो छाती, खांदा आणि जबड्याच्या कडेला होतो. लसीची खूण, छातीवरचा मुरूम, भाजल्याचा व्रण, गोंदण, यांतूनही तो उगवतो.

नवापूरच्या जंगलात साग तोडला की खोडाला नवे फुटवे येतात, हे तुमच्या पाहण्यातलं असेल. केलॉईडचंही तसंच. जखम हेच त्याचं मूळ, आणि कापणं म्हणजे नवी जखम. रुग्णालयात निष्णात सर्जनने नुसती गाठ कापली आणि पुढे काही केलं नाही, तरी 45 ते 100 टक्के रुग्णांत ती परत येते, असं वैद्यकीय अनुभव सांगतो. मग घरच्या ब्लेडची काय कथा?

घरचे उपाय एकेक करून पाहू

दोरा किंवा घोड्याचा केस बांधणं : चामखिळीला केस बांधायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातला, त्यामुळे केस मिळणंही अवघड नाही. पण चामखिळीला बारीक देठ असतो, केलॉईडचं बूड बहुधा रुंद असतं. दोऱ्याने वरच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो काळा पडतो, सडतो, त्याला वास येतो. बूड जागेवरच राहतं, आणि त्याला पुन्हा वाढायला एक नवी जखम मिळते.

बिब्बा : बिब्ब्याचं तेल इतकं जहाल असतं की धोबी त्याने कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करत. कातडीवर ते फोड आणतं आणि भाजल्यासारखी जखम करतं. तेच बोट डोळ्याला, गालाला लागलं तर तिथेही. केलॉईडची प्रवृत्ती असलेल्या माणसाने बिब्बा लावणं म्हणजे नव्या केलॉईडला आवतण देणं.

चुना आणि सोडा : ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कातडी जाळत आत आत उतरतो, आणि वरून पुसला तरी जळणं लगेच थांबत नाही. ॲसिडही कातडी जाळतं. डाग देणं, तापलेल्या सळईने किंवा उदबत्तीने चटका देणं, हे सगळे याच माळेतले मणी.

ब्लेड : कानाच्या पाळीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही. गाठ कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे बुगडी घालतात तिथे असेल, तर धोका आणखी मोठा. तिथे कातडीखाली लगेच कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं. त्यात पू झाला तर कूर्चा विरघळते आणि कान कायमचा मुडपतो. शिवाय अस्वच्छ हत्याराने धनुर्वाताची भीती असतेच.

लसूण, व्हिनेगर, टूथपेस्ट, गोळ्यांची पूड : लसणाचा ठेचा बांधून ठेवला तर कातडी भाजते. बाकीच्यांनी गाठ बसत नाही, कातडी मात्र सोलवटते.

मेडिकलमधून आणलेली मलमं : खाज-गजकर्णाच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉईड असतं. ते या घट्ट गाठीत पुरेसं खोल जात नाही. आजूबाजूची चांगली कातडी मात्र पातळ करतं.

‘मशीनने जाळून देतो, एका दिवसात काम’ असं सांगणाऱ्यांपासूनही लांब राहा. आपल्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत. खरं आहे, पण सोनाराचं काम टोचण्यापर्यंतच. गाठ झाली की ती त्वचारोगतज्ज्ञाला किंवा सर्जनला दाखवायची.

प्रत्येक गाठ केलॉईड नसते

घरी कापू नका म्हणण्याचं हे दुसरं मोठं कारण. गाठीच्या मध्यावर काळा ठिपका असेल आणि दाबल्यावर दह्यासारखा घाण वासाचा पदार्थ येत असेल, तर ती कातडीखालची पिशवी असू शकते. गाठ लाल, गरम आणि ठसठसणारी असेल तर तो फोड आहे. जखम चिघळत असेल, रक्त येत असेल, महिनोन्‌महिने भरत नसेल, तर तिची तपासणी झालीच पाहिजे.

एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. कान टोचलेला नसताना किंवा टोचलेल्या जागेपासून दूर, दोन्ही कानांच्या पाळ्या जाड होत असतील, त्यांवर गाठी येत असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर नक्कीच. 2005 साली देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं, पण रोग संपलेला नाही. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बहुविध औषधोपचार 6 किंवा 12 महिने नीट घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. अशी गाठ केलॉईड समजून कापत बसलात, तर मोलाचा वेळ वाया जातो.

दवाखान्यात काय करतात?

लहान आणि मध्यम गाठीसाठी पहिला उपाय म्हणजे गाठीच्या आत दिलेलं ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन. ‘स्टेरॉईड’ ऐकून घाबरू नका. ते थोड्या प्रमाणात, थेट गाठीतच देतात. साधारण 3 ते 6 आठवड्यांच्या अंतराने काही डोस लागतात. पहिली एक-दोन इंजेक्शनं दुखतात, कारण गाठ घट्ट असते आणि औषध आत शिरायला जोर लागतो. आधी खाज थांबते, मग गाठ मऊ होते आणि बसू लागते. त्या जागी कातडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते, काहींची मासिक पाळी मागेपुढे होते. मधुमेह असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. खाज थांबली की अनेक जण येणं बंद करतात, आणि गाठ पुन्हा डोकं वर काढते. हा उपाय फसण्याचं नेहमीचं कारण हेच.

काही वेळा द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवून मग इंजेक्शन देतात. सावळ्या कातडीवर त्याचा पांढरा डाग राहू शकतो, तो आधी समजून घ्या.

गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रिया करतात, पण ती एकटी नाही. तिच्या जोडीला इंजेक्शनं, दाबाची बाळी, किंवा निवडक रुग्णांत किरणोपचार देतात. किरणोपचार बहुधा शस्त्रक्रियेनंतर 24 ते 48 तासांत सुरू करावे लागतात, म्हणून त्यांची तारीख आधीच ठरवून मग गाठ काढतात. लहान मुलांत ते टाळतात, आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन वर्षं कानावर लक्ष ठेवायचं. बारीक दाणा दिसला की लगेच इंजेक्शन घेतलं तर तो तिथेच आवरतो.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. तपासणी झाली नसेल तर करून घ्या, आणि सिकलसेलचं कार्ड असेल तर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दाखवा. म्हणजे ते भूल, सलाईन आणि जखमेची काळजी त्या हिशेबाने ठरवतील.

घरी तुम्ही काय करायचं?

दाब : पाळीवर चिमट्यासारखी बसणारी दाबाची बाळी मिळते. शस्त्रक्रियेनंतर जखम भरली की ती रोज 12 तासांहून जास्त, निदान 6 महिने घालायची. दाब इतकाच हवा की कातडी पांढरी किंवा काळीनिळी पडणार नाही. कपडे वाळत घालायचा चिमटा लावू नका. त्याचा दाब एकाच जागी बसतो आणि कातडी मरते.

सिलिकॉनची पट्टी किंवा जेल : जखम पूर्ण भरल्यावर वापरायची. पट्टी दिवसाचे 12 तास तरी हवी, आणि महिनोन्‌महिने हवी. ती रोज धुऊन, वाळवून पुन्हा लावता येते. जुन्या मोठ्या गाठीवर नुसत्या पट्टीचा फारसा उपयोग नाही. नवा व्रण वाढू नये म्हणून मात्र ती कामाची आहे.

हात आवरा : खाजवणं, दाबणं, सुई टोचून पाहणं बंद. त्या छिद्रात जड झुमके घालू नका. ओढणी, कंगवा, हेल्मेटचा पट्टा गाठीत अडकणार नाही हे पाहा. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गाठ वाढते की बसते, हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.

कापून झालंच असेल तर

रागावायला कोणी बसलेलं नाही, पण लपवू नका. स्वच्छ कापड ठेवून 10 ते 15 मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. रक्त थांबलं की साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, राख, तंबाखू, चहापूड, चुना काहीही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं की नाही ते विचारा. काही जळजळीत लावलं असेल तर वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धुवा आणि लगेच निघा. रक्त थांबत नाही, कान लाल होऊन सुजला, पू आला, ताप आला, जबडा आखडला, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

कुठे जायचं?

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि तिथून चिठ्ठी घ्या. नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे आणि 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. तिथे त्वचारोग किंवा शस्त्रक्रिया विभागात जा. खांडबारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने नंदुरबार गाडीने जवळ पडतं. किरणोपचाराची वेळ आलीच तर सुरत किंवा नाशिकसारखं मोठं शहर गाठावं लागेल. तो निर्णय तिथले डॉक्टर घेतील.

बाकीच्या वाचकांसाठी

घरात कोणाला केलॉईड असेल तर हौसेसाठी दुसरं-तिसरं छिद्र, बुगडीची जागा, नाक, बेंबी टोचणं आणि गोंदणं टाळा. रीत म्हणून मुलीचे कान टोचायचेच असतील तर लहानपणीच, नव्या, निर्जंतुक सुईने आणि फक्त पाळीला टोचा. केलॉईडची प्रवृत्ती असलेल्या लोकांची एक छोटी अमेरिकी पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 11 वर्षांच्या आधी कान टोचलेल्यांत केलॉईडचं प्रमाण बरंच कमी आढळलं. ज्याला एकदा केलॉईड झाला, त्याने दुसरा कान टोचून नशीब आजमावू नये.

ताई, लग्नाचं म्हणाल तर आजच तपासून घ्या. उन्हाळ्यापर्यंत दोन-तीन इंजेक्शनं झाली तरी खाज थांबेल आणि गाठ मऊ पडू लागेल. पूर्ण बसेलच असं वचन कोणीही देऊ नये, आणि दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. लग्नात त्या कानात काही घालू नका, केस थोडे पुढे घ्या, आणि लग्नाच्या गडबडीत इंजेक्शनची पुढची तारीख मात्र चुकवू नका.