खुशीने जे द्याल ते

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याण छावणी १९४९ साली 'उल्हासनगर' झाली. लोक आजही 'कॅम्प' म्हणतात. परंतु निराधारांच्या वस्तीला उल्हासाचे नाव देण्यात एक माया होती. सौम्य शब्द असेही काम करतो. मराठी घरात बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. निघणारा 'येतो' म्हणतो. आपल्याकडे मृत्यूला 'इंतकाल', म्हणजे स्थलांतर, म्हटले जाते. पवित्र कुरआननेही शौचाचा उल्लेख 'सखल जागेतून येणे' आणि पती-पत्नीच्या संबंधाचा उल्लेख 'स्पर्श' अशा शब्दांत केला आहे (४:४३). येथे पडदा आहे तो लज्जेचा. अर्थ कोणाचाही चुकत नाही आणि कोणाचे नुकसानही होत नाही.

आता दुसरा पडदा पाहा. लग्नाची बोलणी चालू आहेत. वरपक्ष म्हणतो, "आम्हाला काहीच नको. तुमच्या मुलीला तुम्ही खुशीने जे द्याल ते." या वाक्याचा अर्थ बैठकीतील प्रत्येकाला कळतो. मग अंबरनाथ-बदलापूरचा मुलीचा बाप उसनवारी करून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाट आणि पलंग पाहत फिरतो. ही कसली खुशी?

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, दोन्ही प्रकारचा हुंडा निषिद्ध ठरवला. मुस्लिमांचा महर मात्र त्यातून वगळला; तो वराने वधूला द्यायचा तिचा हक्क आहे (४:४). मागणीविना दिलेली भेटही कायदा वगळतो, तिची यादी ठेवावी लागते. 'भेट' हा शब्द आपल्याला इतका प्रिय का, हे वेगळे सांगायला हवे काय? आणि आपल्यात तर महर उधार राहतो, कपाट मात्र रोखीने येते!

माझ्या उम्मतीतील काही लोक दारूला दुसरे नाव देऊन ती पितील, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगून ठेवले होते. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ते वरच का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले.

कुरआनला अपेक्षित असलेले सरळ, नेमके बोलणे (३३:७०) बैठकीत अवघड नसते. वराचा बाप एवढेच म्हणू शकतो, "कपाट आमच्या घरी आहे. काहीही आणू नका. आणलेत तर परत पाठवीन."