जुन्या शिडाच्या नौकेचा जीर्णोद्धार

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते, आणि कोकणकिनारा सह्याद्रीच्या पलीकडे राहतो. तेव्हा शिडाच्या नौकेच्या दुरुस्तीशी आपला काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी बैलगाडी ज्याने पाहिली आहे, त्याला या विषयाचे मर्म कळायला अडचण पडू नये. शहाणा गाडीवान आधी आख, आरे आणि धाव तपासतो. बैलांच्या शिंगांना रंग त्यानंतर. जुन्या नौकेचेही तसेच आहे.

जुनी नौका दुरुस्त करून दूरवर नेता येते, याचे दाखले आपल्याकडे आहेत. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलाची ‘तृष्णा’ ही सदतीस फुटी नौका इंग्लंडमधून जुनी विकत घेतलेली होती. तिने १९८५ ते १९८७ या काळात मुंबईहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती केली. २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये दोघींना घेऊन जगाला वळसा घालून आली. नौकेचे आयुष्य केवळ वर्षांत मोजायचे नसते, हे यावरून दिसते. ते तिच्या निगेवर अवलंबून असते.

दुरुस्तीचा क्रम असा असावा.

पहिली गोष्ट, पाणी आत न येणे. नौका किनाऱ्यावर ओढून तिचे बूड पूर्ण सुकू द्यावे. लाकडी असेल तर अणकुचीदार आरीने फळ्या टोचून पाहाव्यात. आरी सहज रुतली तर तेथे लाकूड कुजले आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून ते बंद करण्याला कलफत म्हणतात. काचतंतूची नौका असेल तर लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर अंग घट्ट आहे. बद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत किंवा पाणी मुरले आहे. बुडाला फोड आले असतील तर ते घासून, अंग दीर्घकाळ वाळवून मगच नवा लेप द्यावा. ओल्या भिंतीला रंग दिल्यास जे होते, तेच येथेही होते. बुडातून आरपार जाणाऱ्या तोट्या तर अवश्य पाहाव्यात. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते. वरून धड दिसणारी तोटी हाताच्या दाबाने तुटते. म्हणून त्या कांस्याच्या असाव्यात.

दुसरी गोष्ट, डोलकाठी उभी राहणे. तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत असल्या तरी टोकाच्या जोडात चिरतात. एक तार तुटली की सारी डोलकाठी कोसळू शकते. दहा-पंधरा वर्षे झालेल्या तारा दिसायला चांगल्या असल्या तरी बदलणेच शहाणपणाचे. शिडे उन्हाने जिरतात. शिवणीचा दोरा कापडाच्या आधी मरतो.

तिसरी गोष्ट, नांगर. खोल समुद्रापेक्षा किनाराच अधिक घातक, ही बाब आपल्याला विचित्र वाटेल. भर समुद्रात वादळात नौकेला वाहत जायला जागा असते. किनाऱ्याजवळ वारा तिला खडकावर नेतो. म्हणून भक्कम नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब साखळी हवी. दोर असेल तर सातपट.

यानंतरच नव्या सोयींचा विचार करावा. सौर पट्टी, उपग्रहाद्वारे स्थान सांगणारे यंत्र, बिनतारी दूरध्वनी, कमी वीज खाणारे दिवे, ही सारी उपयुक्त साधने आहेत. पण विजेवर चालणारी वस्तू खाऱ्या हवेत केव्हा रुसेल, हे सांगता येत नाही. म्हणून होकायंत्र आणि कागदी नकाशा जवळ ठेवावाच.

अनेकांचा पैसा मात्र उलट क्रमाने खर्च होतो. गाद्या आणि रंग यांवर थैली रिकामी होते, आणि तारा बदलायला काही उरत नाही. पाहुण्यांना गाद्या दिसतात, तारा दिसत नाहीत. कोकणातील कोळी समाज पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतो. त्या पूजेमागे डागडुजीचे कष्ट असतात.

जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला नव्याचा वेष चढवणे नव्हे. कोणता भाग अजून भार सोसेल आणि कोणता सोसणार नाही, हे प्रामाणिकपणे ठरवणे म्हणजे जीर्णोद्धार. नौका असो, गाडी असो की एखादी जुनी संस्था, हा निवाडा चुकला तर त्याची किंमत आत बसलेल्यांना मोजावी लागते.