चित्रकेतूचा मुलगा काय बोलला?

गेल्या कार्तिकात एका गावी कीर्तन झाले. आरती होऊन मंडळी पांगली, तेव्हा एक बाई पुढे आल्या. तरणा मुलगा जाऊन वर्षही झाले नव्हते. म्हणाल्या, "महाराज, शहरात एकीकडे पाटावर अक्षरं मांडून, वाटी उपडी ठेवून गेलेल्या माणसाला बोलावतात म्हणे. जाऊ का? एकदा 'आई' म्हणाला की बास."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून ग्रंथ काय सांगतो ते पाहू.

भागवताच्या सहाव्या स्कंधात हाच प्रसंग आहे. शूरसेनाचा राजा चित्रकेतू निपुत्रिक. अंगिरा ऋषींच्या कृपेने कृतद्युती राणीला मुलगा झाला; सवतींनी मत्सराने त्या पोराला विष घातले. राजाराणी प्रेतावर पडून आक्रोश करताहेत, तोच अंगिरा आणि नारद आले. नारदांनी प्रथम उपदेश केला, आणि मग काय केले? चक्क गेलेल्या जीवाला बोलावले! म्हणाले, बाबा, हे तुझे आईबाप शोक करतात. देहात ये, उरलेले आयुष्य भोग, सिंहासनावर बस.

जीव आला आणि बोललाही. पण काय बोलला? त्याने उलट विचारले की, हे माझे आईबाप कोणत्या जन्मीचे? कर्माने मी नाना योनींत फिरतो. सोने जसे या हातून त्या हाती जाते, तसा जीव एका घरातून दुसऱ्या घरी जातो. संबंध आहे तोवरच माझेपण. एवढे बोलून निघून गेला. विष कोणी घातले, हेसुद्धा सांगितले नाही हो! सवतींनी आपणहून यमुनाकाठी प्रायश्चित्त घेतले. राजाचा शोक मात्र गळला, आणि त्याने नारदांपासून विद्या घेतली.

तेव्हा असे बोलावणे होतच नाही, असे भागवत म्हणत नाही. पण बोलावणारे नारद, दक्षिणेची अपेक्षा नाही, आणि आलेला जीव ऐकणाऱ्याच्या मनातले बोलला नाही. वाटी मात्र नेमके आपल्या मनातले बोलते. "मी सुखात आहे, रडू नका." हे तर आपल्यालाच ऐकायचे असते!

विलायतेत हे खूळ फार माजले होते. अमेरिकेत १८४८ साली फॉक्स नावाच्या बहिणींच्या घरी ठोके ऐकू येऊ लागले आणि त्यातून मोठा पंथ निघाला. १८८८ साली त्यांतल्या मार्गारेटने भर सभेत कबूल केले की ठोके आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो. पुढच्या वर्षी तिने ते शब्द मागे घेतले, हेही सांगितले पाहिजे. टेबल आपोआप फिरते म्हणत, त्याची परीक्षा फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५३ साली केली. आधी हात सरकतो आणि मग टेबल, असे दिसले. आणि हात ठेवणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे बसणारे सगळेच लबाड नसतात. दुःखी माणसाचे बोट त्याच्या नकळत वाटी ढकलते. पैसे उकळणाऱ्या भोंदूंसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण स्वतःच्या बोटाला कोणता कायदा लावणार?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी देव, पितर आणि भूते भजणारे वेगळे काढले आहेत. जो ज्याला भजतो तो त्याच्याकडे जातो. पितरांचा मार्ग शास्त्राने बंद केलेला नाही. श्राद्धात आपण पिंड देतो, आशीर्वाद मागतो. निरोप मागत नाही. नाथांच्या घरी पितर प्रत्यक्ष पानावर येऊन बसले, अशी कथा आहे. नाथांनी त्यांना वाढले. तिकडची हकिकत विचारली नाही.

बाईंना मी चित्रकेतूची गोष्ट सांगितली. त्या ऐकून म्हणाल्या, "पण महाराज, त्या राजाचं पोर पाळण्यातलं. माझा चोवीस वर्षांचा होता."

मी काही बोललो नाही. वर्षश्राद्ध कधी येते ते विचारले. माघातली तिथी निघाली. त्या दिवशी त्यांच्या अंगणात कीर्तनाला येतो म्हणून सांगितले, आणि बिदागी घेणार नाही हेही.