आनेकलच्या तळ्यांतील जलनियामक खांब

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सुमारे ३५ किलोमीटरांवर आनेकल हे गाव आहे. या तालुक्याच्या पूर्व भागातील पाणी दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते व पुढे तमिळनाडूत कडलूरजवळ समुद्रास जाते. नदीच्या या वरच्या खोऱ्यात पाऊस मोसमी असल्यामुळे तेथील लोकांनी उतारावर मातीचे बांध घालून तळ्यांच्या मालिका रचल्या. वरचे तळे भरले, की सांडव्यावरून वाहणारे पाणी खालच्या तळ्यात साठते.

या प्रदेशातील जुन्या तळ्यांत बांधाच्या आतील बाजूस पाण्यातून वर आलेले दोन दगडी खांब दिसतात. ही तळ्याची मोरी होय. कन्नडमध्ये तिला ‘तूबु’ म्हणतात. खांबांना जोडणाऱ्या आडव्या शिळांच्या छिद्रांतून एक दांडा खाली जातो. त्याच्या टोकाचा निमुळता लाकडी दट्ट्या तळाच्या शिळेतील भोकात घट्ट बसतो. दट्ट्या उचलला, की पाणी बांधाखालून पाटात उतरते.

या साध्या योजनेत शास्त्र आहे. पाणी ३ मीटर खोल व भोकाचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर दट्ट्यावर सुमारे ९४ किलोग्रॅम वजनाइतका भार पडतो. म्हणजे पाणीच दट्ट्यास घट्ट दाबून धरते. व्यास दुप्पट केल्यास हा भार चौपट होईल. म्हणून भोक लहान ठेवणे सोयीचे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हा नियम टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार खोली एक चतुर्थांश उरली, की वेग निम्मा होतो. श्रीलंकेतील प्राचीन तलावांत याच कामासाठी बांधात ‘बिसोकोटुव’ नावाची चौकोनी विहीर बांधीत.

दट्ट्या केव्हा व किती उचलावा, हे ठरविणारा गावचा माणूस म्हणजे ‘नीरगंटी’. महाराष्ट्रातील फडपद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच याचे. तळे आटू लागले, की पाळ्या बांधून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचविणे ही त्याची जबाबदारी असे.

पुढे विंधनविहिरी वाढल्या. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती झाल्या. पाणी आणणारे ओढे कित्येक ठिकाणी बुजले आणि काही तळ्यांत सांडपाणी शिरले. खांब उभे राहिले, तरी नियमनास योग्य पाणीच नसेल तर त्यांचा उपयोग काय? मोरी दुरुस्त करण्यापूर्वी तळ्यांना जोडणारे ओढे मोकळे व स्वच्छ केले पाहिजेत, हाच या खांबांचा धडा होय.