उजनीचे हिरवे पाणी

नदीचे प्रदूषण म्हटले की कारखान्याचे काळे, वास मारणारे पाणी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होते. परंतु भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी आमच्याच गावाकडील उजनी जलाशयाची माहिती जमवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की नदीचा श्वास कोंडायला विषच लागते असे नाही. तिला अति खाऊ घातले तरी पुरते.

आमचे गाव करमाळा तालुक्यात, जलाशयाच्या काठी. धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात काठाचे पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखे हिरवे होते. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये जलपर्णीची मुळे अडकली की ती काढायला मीच उतरतो. नंतर दोन दिवस पाय खाजतात. हेच पाणी खाली पंढरपूरला चंद्रभागा होते आणि सोलापूर शहर तेच पिते.

भीमा ही कृष्णेची उपनदी. कृष्णेचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात भीमेच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेतच येते. या शहरांच्या मोऱ्यांतून नत्र व स्फुरद, म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस, वाहत येतात. सगळेच सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही. आणि नेहमीच्या शुद्धीकरणात गाळ बसला, वास गेला, तरी विरघळलेले नत्र-स्फुरद बरेचसे तसेच पुढे जाते. वाहत्या नदीत त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. धरणात पाणी थांबले, ऊन मिळाले, की शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री घेते. मेले की तळाशी जाते, आणि त्याला कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा प्राणवायू कमी झाला की बहुतेक मासे तग धरीत नाहीत. मासे पहाटेच वर येऊन तोंड का उघडतात, याचे कारण मला वर्गात कळले. आमच्या मच्छीमारांना ती वेळ मात्र पूर्वीपासून ठाऊक आहे.

सर्वत्र दोष शहरांचाच असतो असे नाही. अमेरिकेतील मिसिसिपीचे खोरे ३१ राज्यांत पसरले आहे. तिथे नत्र मुख्यतः मका-सोयाबीनच्या शेतांतून येते व मेक्सिकोच्या आखातात जाऊन पडते. २०१७ च्या उन्हाळ्यात तेथील समुद्रतळाशी प्राणवायूची टंचाई असलेला पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा भरला, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपट! तो ५,००० च्या आत आणण्याची मुदत आधी २०१५ होती, ती पुढे २०३५ केली गेली. शहराची मोरी एका तोंडाशी अडवता येते. शेताला असे एक तोंड नसते.

इथवर लिहून मी सुटीत आबांना वाचून दाखवले. आबा शाळेत गेले नाहीत; घरातला कागद मीच वाचतो. पुण्याचे ऐकताना ते समाधानाने मान हलवीत होते. शेतांचे आले तसे थांबून म्हणाले, “मग आपल्या पोत्याचं काय?”

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ २१ किलो. पुष्कळदा त्यातले निम्मेही पिकाच्या पोटात जात नाही. काही हवेत उडते, काही मोकाट पाण्याबरोबर झिरपून ओढ्याने जलाशयात उतरते. शिवाय आमचा ऊस पितो तेच जलाशयाचे पाणी, ज्यात नत्र आधीच आलेले आहे. हे फुकटचे खत आम्ही कधी हिशेबात धरले नाही. कसे धरणार? माझी फी उसाच्या बिलातून भरली जाते, आणि खत कमी पडेल ही भीती आमच्या घरात कर्जाच्या भीतीएवढीच जुनी आहे.

“एक पोतं कमी टाकलं तर एकरी किती टन घटंल?” आबांनी विचारले. “तेवढं तुझ्या बुकात बघून सांग.”

माझ्या पुस्तकात ते नव्हते. माती आणि बाटलीभर पाणी तपासणीला दिले आहे. बांधाकडच्या दोन सऱ्यांना यंदा युरिया निम्माच घातला. तोडणीला अजून पाच महिने आहेत.