१४२८५७ : बाकीतून उलगडणारी संख्या

एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ही संख्या प्रथमदर्शनी कोणत्याही सहा अंकी संख्येसारखीच वाटते. परंतु तिला क्रमाने गुणून पाहावे :

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

प्रत्येक उत्तरात तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरतात. केवळ आरंभ निराळ्या अंकापासून होतो. म्हणून हिला चक्रीय संख्या म्हणतात. सातने गुणताच मात्र उत्तर ९९९९९९ येते.

असे काही पाहिले की ‘चमत्कार’ हा शब्द सहज ओठांवर येतो. विद्यार्थ्याने तेथे न थांबता ‘असे का?’ हे विचारावयास हवे. उत्तर आपण शाळेत शिकलेल्या भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागले असता दशांशचिन्हापुढे १४२८५७ हे अंक पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक पायरीवर बाकी उरते ती अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. येथे त्या सहाही एकेकदा येतात, आणि १ उरताच भागाकार मुळापासून पुन्हा सुरू होतो. २ ला ७ ने भागणे म्हणजे याच चक्रात २ या बाकीपासून प्रवेश करणे. म्हणून दुप्पट २८५७१४ येते.

प्रत्येक भाजकास हे साधत नाही. १ ला १३ ने भागल्यास ०७६९२३ हे अंक आवर्ती येतात. पण त्यांची दुप्पट १५३८४६, म्हणजे अंकच बदलले! कारण तेराच्या बारा बाक्या सहा-सहांच्या दोन स्वतंत्र चक्रांत विभागल्या जातात.

या संख्येचे महाराष्ट्राशीही नाते आहे. देवळाली येथील शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांच्या गुणधर्मांचा आयुष्यभर अभ्यास केला. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, तर मूळ संख्या परत मिळते. अशा संख्या जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. शिवाय तिच्या अंकांची बेरीज २७ असून, २७ ने तिला निःशेष भाग जातो (२७ × ५२९१). अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिले. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर एका शिक्षकाने हे कार्य केले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

माजी विद्यार्थी व पालकांनी आता मुलांसमवेत १ ला १७ ने भागून पाहावे. सोळा अंक मिळतील : ०५८८२३५२९४११७६४७. याची दुप्पट करण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे : बाक्या किती आल्या, आणि त्यांतील एखादी राहिली काय?