ठिणगीची तार आणि मालमोटार

बोरगावहून छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथे धापा टाकणाऱ्या मालमोटारीस स्पार्क प्लगच्या भारी तारा घातल्यास तिची शक्ती वाढेल काय? आम्ही वर्गात असे विचारताच बहुतेक हात ‘होय’ म्हणून वर गेले.

पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. त्यासाठी तारेतून हजारो व्होल्ट दाबाची वीज प्लगपर्यंत जाते. तारेचे वेष्टन चिरले, तर वीज वाटेतच निसटते आणि एंजिन अडखळते. अशी तार बदलल्यास गेलेली शक्ती परत येते. परंतु धड तार काढून महाग तार घातल्याने शक्ती वाढत नाही. कारण शक्ती इंधनाची, ठिणगी केवळ ते पेटविते.

शिवाय बहुतेक अवजड मालमोटारी डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या एंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे स्पार्क प्लगच नाही, मग तार कोठली? दोष कदाचित तुंबलेल्या गाळणीत असेल.

विद्यार्थी मित्रहो, आम्ही एवढेच सांगू : आधी कारण शोधावे, मग पैसा खर्चावा. रोग ओळखल्यावाचून दिलेले औषध महाग असले, तरी गुणकारी ठरत नाही.